एकाच स्पीकर जोडीला टीव्ही, लॅपटॉप, रेकॉर्ड प्लेअर आणि रियाजाचे दोन फोन: कसं जोडावं?

मंद्रनिषाद

नमस्कार मंडळी. घरी नुकतीच पॉवर्ड स्पीकरची एक चांगली जोडी आली आहे. ॲम्प्लिफायर आतच आहे, मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिनांचा एकच इनपुट आहे आणि ब्लूटूथ आहे. आवाज इतका निखळ आहे की आता घरातलं सगळं यावरच ऐकावंसं वाटतं. अडचण तिथेच सुरू होते.

जोडायच्या वस्तू अशा: टीव्ही (त्याला सेट-टॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंगची काडी), माझा लॅपटॉप, सासऱ्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर (त्यांच्याकडे नाट्यसंगीताच्या रेकॉर्डांचा छान संग्रह आहे), आणि माझे रियाजाचे दोन फोन. एका फोनवर तानपुरा लावते, दुसऱ्यावर तबल्याचा ठेका. पुढेमागे एक माइकही घ्यायचा आहे.

सध्या दर वेळी स्पीकरच्या मागे हात घालून पिना बदलाव्या लागतात. सासूबाईंना ते जमत नाही आणि त्यांनी ते करावं असं मलाही वाटत नाही. दुकानात एकाने सांगितलं, "वाय केबल घ्या, दोन-तीन एकत्र करा, काम झालं." हे बरोबर आहे का? बजेट फार नाही, पण एकदाच नीट करायचं आहे.

पिवळाबल्ब

आमच्याकडे वाय केबलवरच टीव्ही आणि लॅपटॉप चालू आहेत. आवाज थोडा कमी येतो इतकंच. बाकी काही त्रास नाही.

फ्यूजवायर

मंद्रनिषाद, वाय केबल घेऊ नका. पिवळाबल्ब, तुमच्याकडे आवाज कमी येतो त्याचं कारणही यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाय केबल एका आऊटपुटमधून दोन इनपुटांकडे आवाज न्यायला अगदी योग्य. उलट दिशेने, म्हणजे दोन आऊटपुट एकत्र बांधायला, ती बनलेलीच नाही. आऊटपुटचा आंतरिक विरोध मुद्दाम कमी ठेवलेला असतो, साधारण शंभर ओहमपासून हजारभर ओहमपर्यंत. इनपुटचा विरोध मुद्दाम जास्त असतो, दहा हजार ओहम किंवा त्याहून अधिक. त्यामुळे आऊटपुटला जवळजवळ काहीच ओझं पडत नाही.

आता दोन आऊटपुट एकमेकांना बांधा. टीव्हीला समोर स्पीकरचा दहा हजार ओहम दिसण्याऐवजी लॅपटॉपच्या आऊटपुटचा शंभर ओहम दिसतो. आकडे घालून बघू: दोन्ही बाजूंना शंभर-शंभर ओहम आणि सिग्नल २ व्होल्टचा, तर १० मिलिॲम्पियर प्रवाह वाहतो. नुसता स्पीकर असता तर ०.२ मिलिॲम्पियर वाहिला असता. पन्नासपट ओझं झालं. सिग्नल निम्म्यावर येतो, वरच्या पातळीला आवाज फाटतो, आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर आऊटपुटचा भाग खराबही होऊ शकतो. दोघांपैकी एक बंद असला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. बऱ्याच उपकरणांत बंद असताना आऊटपुट आतूनच ग्राउंडला जोडलेलं असतं, मग चालू उपकरणाचा आवाज त्यातूनच निसटतो.

तेव्हा पहिला प्रश्न पैशांचा नाही, गरजेचा आहे. तुम्हाला एका वेळी एकच वस्तू ऐकायची आहे, की एकाच वेळी दोन-तीन? एका वेळी एक असेल तर सिलेक्टर स्विच. एकाच वेळी अनेक असतील तर मिक्सर. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक इथेच चुकीची वस्तू विकत घेतात.

माडाचीसावली

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे.

मंद्रनिषाद

फ्यूजवायर, मनापासून आभार, आकड्यांमुळे पटकन समजलं. गरज विचाराल तर दोन्ही! टीव्ही, लॅपटॉप, रेकॉर्ड यांतलं एका वेळी एकच. पण रियाजाला तानपुरा आणि ठेका एकत्र हवेत, माइक आला की तोही.

टापकीरगल्ली

थोडं सोपं करून देतो. सेट-टॉप बॉक्स आणि काडी दोन्ही एचडीएमआयने टीव्हीतच जातात ना? मग टीव्ही हाच त्यांचा स्विच. टीव्हीतून आवाजाची एकच वायर बाहेर काढा, ती दोन्हीसाठी चालेल. लोक बॉक्सच्या मागून वेगळी वायर, काडीला वेगळं यंत्र असं करत बसतात. गरज नसते.

टीव्हीतून आवाज काढायच्या तीन वाटा:

एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून उलटा बाहेर आणायची सोय. २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली. साऊंडबारसाठी उत्तम, पण तुमच्या स्पीकरला एचडीएमआय नाही, त्यामुळे सोडून द्या.

ऑप्टिकल. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. स्पीकरला ऑप्टिकल इनपुट नसेल तर मध्ये एक छोटा डॅक लागतो, म्हणजे डिजिटल आवाजाचा आरसीएला चालणारा साधा सिग्नल करणारी डबी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आऊटपुट 'पीसीएम' (साधा स्टिरिओ डिजिटल आवाज) करायला विसरू नका. ते डॉल्बीवर राहिलं तर साध्या डॅकमधून आवाजच येत नाही, आणि लोक डॅक खराब आहे म्हणून परत करायला येतात.

हेडफोनचा ३.५ मिमी जॅक. सगळ्यात साधा. याचा मोठा फायदा म्हणजे आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होतो. ऑप्टिकलवर बऱ्याच टीव्हींचा आवाज एकाच पातळीवर राहतो, रिमोटचं बटण दाबलं तरी फरक पडत नाही.

घरात ज्येष्ठ मंडळी आहेत म्हणता, तर मी हेडफोन जॅकच सुचवेन. बातम्या बघताना त्यांनी रिमोट दाबला आणि आवाज कमी झाला पाहिजे. ऑप्टिकलमध्ये आवाज कदाचित कणभर स्वच्छ येईल, पण घरात रोज कोण काय वापरतं हे आधी बघायचं.

सिंहस्थ

रेकॉर्ड प्लेअरबद्दल सांभाळून. तो बाकीच्यांसारखा थेट जोडता येत नाही. सुईमधून येणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टच्या आसपास असतो, बाकी सगळी उपकरणं त्याच्या शेकडो पट देतात. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्जाचे सूर दाबलेले आणि वरचे सूर उचललेले असतात, आरआयएए नावाच्या ठरलेल्या वक्राप्रमाणे. ते उलटं करून पूर्ववत आणायला फोनो प्रीॲम्प लागतो. तो नसेल तर आवाज बारीक, पत्र्यासारखा आणि खर्जाशिवाय येतो.

प्लेअरच्या मागे 'फोनो/लाइन' असं बटण आहे का ते आधी बघा. असेल तर प्रीॲम्प आतच आहे, ते 'लाइन'वर ठेवायचं. नसेल तर छोटा वेगळा प्रीॲम्प मिळतो. आणि हो, पिनांबरोबर एक बारीक सुटी वायर येते, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असलेली. ती प्रीॲम्पच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावायचीच. ती सुटी राहिली की घूंऽऽ असा आवाज येतो आणि लोक सुईला दोष देतात.

रेकॉर्ड कुठल्या आहेत? जमल्यास वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.

पिवळाबल्ब

फ्यूजवायर, पटलं. काढून टाकतो वाय केबल. पण मला दोनच वस्तू आहेत, मिक्सर फार वाटतो. काही स्वस्त उपाय?

फ्यूजवायर

दोन-तीन इनपुटांचा आरसीए सिलेक्टर घ्या. बटण किंवा खटका असलेला साधा डबा, वीज लागत नाही, आत फक्त स्विच. एक निवडला की दुसरा पूर्ण सुटतो. एकत्र वाजवायची गरज नसताना यापेक्षा चांगलं काही नाही, कारण आवाजाच्या वाटेत काहीच भर पडत नाही.

सोल्डरिंग येत असेल आणि दोन्ही एकत्रच वाजवायचे असतील, तर प्रत्येक आऊटपुटच्या आतल्या तारेत एक किलोओहमचा रेझिस्टर टाका, मगच जोडा. डाव्याला डावा, उजव्याला उजवा. दोन उपकरणांना मिळून चार रेझिस्टर. आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, स्पीकरवर तेवढा वाढवायचा. रेझिस्टर पैशांत मिळतात. पण प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येत नाही, तो उपकरणावरच करायचा.

खमाज

मंद्रनिषाद, रियाजाविषयी लिहितो, कारण माझी मांडणी जवळपास हीच आहे.

सहा चॅनेलचा छोटा मिक्सर तुम्हाला पुरेल. त्यात साधारण दोन मोनो चॅनेल असतात (माइक किंवा लाइन) आणि दोन स्टिरिओ जोड्या. माइक पहिल्यात, तानपुऱ्याचा फोन दुसऱ्यात, ठेक्याचा फोन पहिल्या स्टिरिओ जोडीत. राहिली एक स्टिरिओ जोडी. तिथे फ्यूजवायर म्हणतात तो सिलेक्टर डबा लावा, आणि त्या डब्यात टीव्ही, लॅपटॉप, रेकॉर्ड. म्हणजे ज्यांतलं एकच वाजतं ते आधी डब्यात निवडलं जाईल, आणि जे एकत्र वाजतं ते मिक्सरमध्ये मिसळेल. दहा-बारा चॅनेलचा मोठा मिक्सर घ्यायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघा, इथे भलेभले गोंधळतात. फोनचा ३.५ मिमी जॅक मिक्सरच्या मोठ्या ६.३५ मिमी जॅकमध्ये घालायला दुकानात एक अडॅप्टर देतात, स्टिरिओ ते स्टिरिओ. तो मोनो चॅनेलमध्ये घालू नका. मोनो चॅनेलचा तो इनपुट बॅलन्स्ड असतो: दोन तारांवर जे सारखं असेल ते तो खोड समजून पुसतो आणि दोन्हींमधला फरक तेवढा पुढे पाठवतो. फोन त्या दोन तारांवर डावा आणि उजवा पाठवतो. गाण्यात गायकाचा आवाज दोन्हींकडे सारखाच असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. मागची व्हायोलिनं आणि घुमारा ऐकू येतो, गाणारा गायब. तानपुऱ्याच्या बाबतीत तर दोन्ही बाजू बहुतेक एकसारख्याच असतात, मग जवळजवळ शांतताच.

उपाय: एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना अशी केबल घ्या. तानपुऱ्यासाठी फक्त डावी पिन मोनो चॅनेलमध्ये घाला, उजवीला टोपी घालून सोडून द्या. ठेक्याच्या दोन्ही पिना स्टिरिओ जोडीत जातील. (ही वाय केबलच दिसते, पण दोन पिनांत दोन वेगळ्या बाजू जातात, म्हणून चालते.)

आणि माइक कंडेन्सर असल्याशिवाय ४८ व्होल्टचं फँटम बटण (वायरीतून माइकला वीज देणारं) बंदच ठेवा.

मोहरीचंफूल

एवढ्या वायरी कशाला? स्पीकरला ब्लूटूथ आहे, दोन्ही फोन त्यावर जोडा की. मल्टिपॉइंट असेल तर दोन उपकरणं एकाच वेळी जोडता येतात.

फ्यूजवायर

जोडता येतात, पण आवाज एका वेळी एकाचाच येतो. दुसऱ्यावर काही सुरू केलं की पहिला थांबतो. मल्टिपॉइंट मिसळत नाही, फक्त पुन्हापुन्हा जोडणी करायचा त्रास वाचवतो. तानपुरा आणि ठेका एकत्र त्यावर होणार नाही.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. शिवाय ब्लूटूथमध्ये आवाज शंभर ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा येतो. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे ठेका मात्राभर मागे पडू शकतो. रियाजाला ब्लूटूथ बादच.

खमाज

जर्सीकर, उशिराचा आकडा बरोबर आहे, पण निष्कर्षाशी सहमत नाही. ठेका ब्लूटूथवरून दोनशे मिलिसेकंद उशिरा आला तरी गाणारी व्यक्ती जे कानावर येतंय त्याच्याशीच लय धरते. सगळा ठेका सारखाच मागे सरकलेला असतो, त्यामुळे समेवर यायला काही अडचण नाही.

अडचण येते माइकची. आपला आवाज माइकमधून ब्लूटूथवर गेला की तोंडून निघालेला सूर आधी ऐकू येतो आणि स्पीकरमधला नंतर. तान घेताना तर शब्दशः जीभ अडखळते. तेव्हा मिक्सर ते स्पीकर ही शेवटची वाट वायरचीच हवी, यात तडजोड नाही. तानपुऱ्याला लय नाही, तो कसाही आला तरी चालतो.

जर्सीकर

हे पटलं. मी माइक लावूनच गातो, म्हणून मला दोन्ही एकच वाटत होतं.

माडाचीसावली

एक अनुभवाची भर. आम्ही गोव्यात समुद्राजवळ राहतो. इथल्या हवेत आरसीएच्या पिना काळपटतात आणि एक बाजू अधूनमधून जाते. पिन जरा फिरवली की परत येते. वायर बदलण्याआधी पिन आणि भोक दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून बघा. सिलेक्टर डब्याच्या खटक्यालाही हेच. वापर नसला तरी अधूनमधून खटका मागे-पुढे करत राहावं.

पिवळाबल्ब

सिलेक्टर आणला, लावला. आवाज खरंच वाढला, आणि बातम्यांचा निवेदक जो जरा फाटल्यासारखा बोलायचा तो आता नीट बोलतो. मी ते टीव्हीचंच समजत होतो. फ्यूजवायर, धन्यवाद.

मंद्रनिषाद

मंडळी, खमाज यांच्या आराखड्याप्रमाणे सगळं आणलं आणि जोडलं. प्लेअरला 'फोनो/लाइन' बटण नव्हतं, म्हणून छोटा प्रीॲम्प घेतला. तानपुरा आणि ठेका एकत्र पहिल्यांदा त्या स्पीकरवर ऐकले तेव्हा खोली भरून गेली, तानपुऱ्याचा खर्ज अगदी जमिनीतून आल्यासारखा वाटला.

पण एक नवीन त्रास. टीव्हीची पिन डब्यात घातली की सतत घूंऽऽऽ असा आवाज. टीव्ही म्यूट केला तरी जात नाही. टीव्हीची पिन काढली की शांत. रेकॉर्ड आणि फोनला हा त्रास नाही.

फ्यूजवायर

ग्राउंड लूप. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झची असते. दोन उपकरणांना दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंग मिळालं की त्यांच्या पातळीतला लहानसा फरक आवाजाच्या वायरमधून वाहतो.

क्रमाने बघा. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची किंवा डिशची गोल वायर काढून बघा. ती इमारतीच्या गच्चीवरून येते आणि तिचं अर्थिंग भलतीकडेच असतं, बहुतेक वेळा गुन्हेगार तीच. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जरही काढून बघा.

एक हात जोडून विनंती: कोणी कितीही सांगितलं तरी प्लगची अर्थची मोठी पिन कापू नका किंवा तीनाची दोन पिन करणारा अडॅप्टर लावू नका. गुणगुण जाईल, पण काही बिघाड झाला तर तीच वीज उपकरणाच्या पत्र्यावर येते, आणि तुम्ही हातात माइक धरून उभ्या असणार.

जर्सीकर

+१. इकडे हीच गुणगुण ६० हर्ट्झची असते, उपाय तेच.

मंद्रनिषाद

केबलची गोल वायर काढली आणि गुणगुण तत्काळ बंद! एकाच बोर्डवर घेऊनही गेली नव्हती. पण ती वायर काढून ठेवली तर सेट-टॉप बॉक्स कसा चालणार?

टापकीरगल्ली

ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या, ३.५ मिमीचा. बोटभर डबी असते, आत एकास-एक गुणोत्तराचे दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, तार मात्र तुटलेली राहते, म्हणून लूप संपतो. टीव्हीचा जॅक आणि सिलेक्टर यांच्या मध्ये लावा. अगदी स्वस्तातल्या डबीत खर्ज थोडा पातळ होतो, म्हणून ती फक्त टीव्हीच्या वाटेवर ठेवा, मिक्सरच्या शेवटी लावू नका.

दुसरा मार्ग ऑप्टिकल आणि डॅक. प्रकाशातून अर्थिंग जातच नाही. पण मग रिमोटचा प्रश्न परत येईल.

सिंहस्थ

फोन चार्जिंगला लावून गाणं वाजवलं तर येणारी खरखरही याच जातीची. रियाजाच्या वेळी फोन पॉवर बँकवर लावा, किंवा आधीच भरून घ्या. आणि दोन्ही फोन विमान मोडवर. मध्येच कॉल आला तर तानपुरा थांबतो.

काळीपट्टी

माझा प्रश्न थोडा उलटा आहे. माझ्याकडे साधे स्पीकर आहेत, आणि दोन ॲम्प्लिफायर: एक जुना स्टिरिओ, एक होम थिएटरचा. दोन्हींच्या वायरी त्याच स्पीकरच्या खुंट्यांना लावल्या तर चालेल का? एका वेळी एकच चालू ठेवीन.

फ्यूजवायर

नाही, कधीच नाही. वर लिहिलं ते मिलिॲम्पियरचं होतं, इथे ॲम्पियरचा मामला आहे. चालू ॲम्प्लिफायर बंद ॲम्प्लिफायरच्या आऊटपुटमध्ये शक्ती ढकलतो, आणि चुकून दोन्ही सुरू झाले तर एक तरी जळतोच.

स्पीकरसाठी वेगळा सिलेक्टर मिळतो, दोन ॲम्प्लिफायर ते एक जोडी असा. तो आधी तोडून मग जोडणारा हवा, आणि लाल-काळ्या दोन्ही तारा बदलणारा हवा. हे दुसरं महत्त्वाचं, कारण अनेक नव्या ॲम्प्लिफायरांत काळी खुंटीही ग्राउंड नसते, तिच्यावरही सिग्नल असतो. दोघांच्या काळ्या एकत्र बांधल्या तर तिथेच शॉर्ट.

होम थिएटरवाल्याला 'प्री आऊट' (स्पीकरसाठी शक्ती वाढवण्याआधीचा सिग्नल देणारं आऊटपुट) असेल तर त्याहून सोपं: त्याचे पुढचे दोन प्री आऊट जुन्या स्टिरिओच्या ऑक्स इनपुटमध्ये घाला, स्पीकर कायम स्टिरिओलाच. आणि जुना स्टिरिओ जपानहून आणलेला असेल तर तो १०० व्होल्टचा असू शकतो, मागची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

काळीपट्टी

प्री आऊट आहेत! स्टिरिओच्या पाटीवर २३० व्होल्ट आहे. हेच करतो.

मंद्रनिषाद

आयसोलेटर लावला, गुणगुण पूर्ण गेली, रिमोटही चालतो. सिलेक्टरच्या बटणांवर मोठ्या अक्षरांत 'टीव्ही', 'लॅपटॉप', 'रेकॉर्ड' अशा चिठ्ठ्या चिकटवल्यात. सासूबाई आता स्वतः बदलतात. काल सासऱ्यांनी दुपारभर रेकॉर्ड लावल्या, तीच सुई आणि त्याच रेकॉर्ड, पण आता ऑर्गनचा खर्ज येतो, जो त्या जुन्या डब्याच्या स्पीकरमधून कधीच आला नव्हता.

शेवटची शंका: सुरू-बंद करताना स्पीकरमधून 'थप्प' असा जोरात आवाज येतो. आणि मिक्सरवर पातळी किती ठेवावी?

खमाज

सुरू करताना आधी मिक्सर, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. एकाच बोर्डवर असले तरी स्पीकरला वेगळं बटण असलेला बोर्ड घ्या.

फोनचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर, मिक्सरचा मास्टर (सगळ्या चॅनेलांचा एकत्रित आवाज) शून्याच्या खुणेच्या आसपास, आणि खोलीतला एकूण आवाज स्पीकरच्या बटणाने ठरवा. तानपुरा ठेक्यापेक्षा एक पायरी खाली ठेवा, म्हणजे ठेका थांबला तरच तो जाणवेल. लाल दिवा लागला तर त्या चॅनेलचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) उतरवा, मास्टर नाही.